अंगठा लावल्यावरही

बोट नोंदवलेले असताना लॅपटॉप पुन्हा पासवर्ड का मागतो, हा प्रश्न नंदिनी नगरात मला दोन भाषांत विचारला जातो. छत्तीसगढी शेजारीण म्हणते, "अंगठा त लगा दे हंव बहिनजी, फेर पासवर्ड काबर मांगत हे?" आणि नागपूरकडून दोन पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या घरातले काकाजी तेच आपल्या बोलीत विचारतात, "बोट तं लावलं ना ताई मी, मग आता कायले विचारते हे?" दोघांच्या सुरात राग असतो आणि त्या रागाखाली थोडा अपमान. आपल्याच वस्तूने आपल्याला ओळखले नाही, असे त्यांना वाटते. मी गणिताची शिक्षिका होते. शाळा सुटली तरी वस्तीतली मुले आणि त्यांचे आजी-आजोबा अडलेली यंत्रे घेऊन संध्याकाळी माझ्या ओसरीवर येतात, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. टाळावासाही वाटत नाही.

त्यांचा अपमान मला समजतो, कारण इथल्या माणसांचे हात मी पाहिले आहेत. नंदिनी म्हणजे भिलाई इस्पात कारखान्याची चुनखडीची खाण. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्ट्यांना लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे आणि चुनखडी आमच्या नंदिनीची. भट्टीत चुनखडी खनिजातली सिलिका आपल्यात ओढून घेते, मळी होऊन वर तरंगते आणि खाली लोखंड उरते. भिलाईचे रेल्वेरूळ देशभर पसरले. त्या रुळांत नंदिनीचा दगड दिसत नाही, पण त्याच्यावाचून ते झाले नसते. सुरुंग, ड्रिल, डंपर आणि क्रशर यांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, ती माणसे आता नातवंडांशी बोलायला, पेन्शनचे कागद पाहायला, तीर्थयात्रेचे तिकीट काढायला लॅपटॉप उघडतात.

काकाजी ड्रिलवर होते. त्यांचा उजवा अंगठा मी एकदा भिंगाखाली धरून पाहिला. पेराचा मधला भाग गुळगुळीत, उजेडात चकाकणारा. रेषा आहेत, पण त्या कडेला सरकल्यासारख्या. आणि जिथे आहेत तिथे त्यांना आडव्या कापणाऱ्या बारीक भेगा. वरच्या बाजूला तिरका पांढरा व्रण, जुन्या जखमेचा. नखाच्या कोपऱ्यात घासूनही न निघणारा करडेपणा. हा अंगठा त्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर टेकवला की यंत्र म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. ते बोट पुसतात, फुंकर मारतात, परत टेकवतात.

तो चौकोन बोटाचा फोटो काढत नाही, निदान बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही. त्याच्याखाली अतिसूक्ष्म विद्युत-पट्ट्यांची जाळी असते. कातडीचा उंचवटा जिथे टेकतो तिथे विद्युतधारिता जास्त भरते, दोन उंचवट्यांमधल्या खाचेत कमी. या फरकातून बोटाचा नकाशा उमटतो. त्या नकाशातल्या रेषा कुठे संपतात, कुठे दुभंगतात, अशी ठिकाणे टिपून ठेवली जातात आणि पुढच्या वेळी त्यांच्याशी ताडून पाहिले जाते. घासलेल्या बोटावर ही ठिकाणेच कमी उरतात. भर उन्हाळ्यात लू सुटली की कातडी कोरडी पडते आणि नीट टेकतही नाही. काकाजींचे बोट न जुळण्याचे कारण एवढेच आहे. त्यांना मी डाव्या हाताची करंगळी नोंदवायला सांगितली. ती आयुष्यभर कामातून वाचलेली असल्याने यंत्राला लगेच पटली.

पण शेजारणीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे बोट रोज जुळते, आणि तरीही मधूनच यंत्र बोटाकडे पाहायला नकार देते व शब्द मागते. इथे बिघाड नाही.

बोट दोनदा कधीच हुबेहूब सारखे टेकत नाही. आज थोडे तिरपे, उद्या थोडे जोरात, परवा भांडी घासून आल्यावर सुरकुतलेले. म्हणून ठशाची जुळणी नेहमी "पुरेसे सारखे आहे का" या निकषावर होते. कुलपाच्या गणिताला असले "पुरेसे सारखे" चालत नाही. बऱ्याच लॅपटॉपमधली माहिती कूटबद्ध केलेली असते, म्हणजे एका प्रचंड मोठ्या संख्येच्या आधाराने ती अशी मिसळलेली असते की ती संख्या हातात असल्याशिवाय वाचताच येत नाही. पासवर्ड दिला की ठरलेल्या गणिती प्रक्रियेने त्याच्यापासून दर वेळी नेमकी तीच संख्या तयार होते. एक अक्षर चुकले तर संपूर्ण वेगळी. बोटापासून अशी नेमकी संख्या रोजच्या वापरातली यंत्रे काढत नाहीत. बोट फक्त हो किंवा नाही एवढे उत्तर मिळवून देते. दारावरचा रखवालदार तुम्हाला ओळखतो म्हणून तुम्हाला आत सोडतो, पण तिजोरीची किल्ली त्याच्या ओळखीतून घडत नाही. ती तुम्ही आधी त्याच्या हवाली केलेली असली तरच तो ती काढून देऊ शकेल. शेजारणीला मी इतकेच सांगितले आणि ती म्हणाली, मग दुसरे कुणी रखवालदाराला फसवले तर? तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा पुढचा होता.

ॲपलच्या मॅकबुकवर फाइलव्हॉल्ट ही माहिती कूटबद्ध करणारी सोय चालू असेल तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पासवर्डच लागतो, बोट चालत नाही, कारण ती किल्ली अजून कुणाच्या हवाली झालेलीच नसते. एकदा शब्द दिला की ती आतल्या सुरक्षित चिपच्या ताब्यात जाते आणि मग दिवसभर बोट पुरते. पाच वेळा बोट जुळले नाही, किंवा 48 तासांहून अधिक काळ यंत्र उघडलेच नाही, तरी पुन्हा शब्द. अँड्रॉइड फोनांना निदान 72 तासांत एकदा पिन किंवा पासवर्ड मागण्याचा दंडक आहे. विंडोजची रीत निराळी. तिथे बोट नोंदवण्याआधी पिन ठरवावाच लागतो, पण किल्ली त्या यंत्राच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये जपलेली असते, म्हणून सकाळी यंत्र सुरू करतानाही बोट चालून जाते. एकाच घरात भावाचा एक आणि बहिणीचा दुसरा लॅपटॉप असला की "त्याला चालते, मला का नाही" हे भांडण इथून निघते. माझा एक जुना विद्यार्थी लिनक्स वापरतो. बोट लावून तो आत शिरतो आणि पडद्यावर लगेच दुसरी चौकट उभी राहते, की-रिंग उघडण्यासाठी पासवर्ड द्या. वायफायचे, मेलचे सगळे साठवलेले पासवर्ड त्या की-रिंगमध्ये असतात, ती त्याच्या लॉगिनच्या शब्दाने कूटबद्ध आहे, आणि बोटाने तो शब्द कुणाला सांगितलेलाच नसतो. त्याला वाटले होते आपली मांडणी चुकली. त्याने इंटरनेटवरून असे उपाय शोधले होते की ती चौकट येणारच नाही. त्यातला एक उपाय म्हणजे की-रिंगचा पासवर्ड कोरा ठेवणे. मी त्याला तो करू दिला नाही. तिजोरी उघडी टाकली की किल्लीची कटकट मिटते हे खरे, पण मग तिजोरी कशाला?

रखवालदाराला फसवण्याचे म्हणाल तर तेही झालेले आहे. ॲपलने बोटाने उघडणारा पहिला आयफोन सप्टेंबर 2013 मध्ये बाजारात आणला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवरचा ठसा उचलून, त्याचा नकली पापुद्रा बनवून तो उघडून दाखवला. याच मंडळींनी 2008 मध्ये जर्मनीचे तेव्हाचे गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या बोटाचा ठसा छापून प्रसिद्ध केला होता, कारण ते नागरिकांचे ठसे गोळा करण्याच्या बाजूने होते. 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून 56 लाख माणसांचे ठसे चोरीला गेल्याचे उघड झाले. पासवर्ड चोरीला गेला तर आज संध्याकाळी नवा ठेवता येतो. चोरीला गेलेला अंगठा बदलता येत नाही, आणि तो आपण चहाच्या कपावर, बसच्या दांडीवर, दुकानाच्या काचेवर दिवसभर सोडत असतो. झोपलेल्या माणसाचे बोट कुणीही उचलून यंत्रावर टेकवू शकतो. शब्द मात्र जागेपणीच सांगता येतो, आणि सांगायचा असेल तरच.

हा "सांगायचा असेल तर" माझ्या लेखी सर्वांत मोलाचा आहे, आणि आपल्या देशातल्या न्यायालयांनाही त्याच्याशी झगडावे लागले आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले की आरोपीच्या अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. घटनेच्या कलम 20(3) चे संरक्षण माणसाच्या मनात असलेल्या माहितीला आहे. अंगठा ही शरीराची वस्तू, ती कुणालाही दिसते. पासवर्ड कुठे बसवायचा यावर अजून एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले की फोन उघडायला लावणे ही साक्ष ठरत नाही. दिल्लीतल्या विशेष सीबीआय न्यायालयाने 2022 मध्ये उलट म्हटले की आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येत नाही. मी कायद्याची जाणकार नाही, पण गणित शिकवणारीला एवढे दिसते की बोट मी कोण आहे ते सांगते आणि शब्द माझी तयारी आहे की नाही ते सांगतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीची जागा दुसरीला देऊन चालणार नाही.

ठशाचा सरकारी इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा छाप घेतला. नंतर त्याने सही नाकारू नये, त्याला धाक बसावा, हा हेतू हर्शेलने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. पुढे 1877 मध्ये हुगळीला त्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मेलेल्या माणसाच्या नावावर दुसरा पेन्शन उचलत नाही ना हे पाहण्यासाठी. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे 1024 कप्प्यांत वर्गीकरण करण्याचे गणित बसवले. ती पद्धत जगभर एडवर्ड हेन्री या त्यांच्या साहेबाच्या नावाने ओळखली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. शाळेत क्रमचय-संचय शिकवताना मी या दोघांची नावे फळ्यावर लिहीत असे.

आपल्या जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराचे चित्र काढत असे. "निशाणी नांगर" असे तिथे लिहिलेले सापडते. तो नांगर म्हणजे आपण कोण हे त्याने आपल्या कामातल्या वस्तूने सांगणे असे. ठसा मात्र माणसाकडून घेतला जातो. घेणारा कोण आणि देणारा कोण, हे ठशाच्या कागदावर पहिल्याच नजरेत कळते.

हुगळीच्या त्या पेन्शनरांचे वंशज आमच्या वस्तीत भरपूर आहेत. 2014 च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण ही योजना आली, आणि तेव्हापासून हयातीचा दाखला बोट टेकवून देता येऊ लागला. म्हाताऱ्या माणसाला कचेरीचे जिने चढायला नकोत, हे फार चांगले झाले. पण ज्यांचे बोट खाणीने खाल्ले त्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करताना घाम फुटे. 2021 मध्ये चेहऱ्याने दाखला देण्याची सोय झाली, आणि काकाजींचा दाखला आता माझ्या ओसरीवर, दिवसाच्या उजेडात, फोनकडे न हसता पाहून निघतो.

धान्याच्या दुकानात एवढे सोपे नाही. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हा वाटले होते की ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याला आता निदान त्याचे बोट तरी आहे. मात्र ज्याच्याकडे कागद नसतो, तोच बहुधा हाताने राबणारा असतो. दगड फोडणारा, विटा वाहणारा, सिमेंट कालवणारा. ओले सिमेंट अल्कधर्मी असते, कातडी खाते. नंदिनीच्या आसपास सिमेंटचे कारखाने आहेत, बांधकामावर जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी एक माझ्याकडे येते. रेशनच्या यंत्रावर तिचे बोट बसत नाही, मग दुकानातले लोक सांगतात हात धुऊन ये, तेल लाव, उद्या ये. उद्या येणे म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ अडवू नये, अशी स्पष्ट भूमिका आधार खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर सरकारनेच मांडली होती आणि न्यायालयाने ती 2018 च्या निकालात नोंदवून घेतली. डोळ्याच्या बुबुळाची पडताळणी आहे, मोबाइलवर येणारा ओटीपी आहे, हाताने नोंद करण्याची तरतूद आहे. कागदावर सगळे आहे. तिला ते कुणी सांगितलेले नाही.

याच्याशेजारी ठेवून लॅपटॉपकडे पाहिले की माझा त्याच्यावरचा राग जातो. ते यंत्र बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चालले की बोट केव्हातरी हरणार. कापले जाईल, सोलवटेल, घामेजेल, चोरले जाईल. म्हणून त्यांनी बोटाआधी शब्द ठरवून घेतला आणि बोट हरले की शब्दाची वाट उघडी ठेवली. पाच वेळा चुकलात तर यंत्र तुम्हाला उद्या या म्हणत नाही, दुसरा मार्ग लगेच समोर मांडते. श्रीमंताच्या फोटोंसाठी जी काळजी घेतली गेली ती गरिबाच्या तांदळासाठी तितक्याच आस्थेने घेतली गेली पाहिजे, हे म्हणायला कुठलेही तंत्रज्ञान शिकावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ओळीतल्या एका क्वार्टरमध्ये मागच्या पावसाळ्यात घरचा कर्ता माणूस अचानक गेला. त्यांचा लॅपटॉप ते नेहमी बोटाने उघडत. विम्याचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो, बँकेच्या ठेवींची यादी, सगळे त्यात. बायकोला पासवर्ड माहीत नव्हता, मुलांनाही नाही. तेरावा झाल्यावर त्या लॅपटॉप पदराखाली घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी विचारले, त्यांचे बोट आधीच नोंदवलेले आहे ना, मग आत कुठेतरी ते असेलच, त्यावरून नाही का उघडणार? मला उत्तर द्यायला वेळ लागला. आत बोट नसते, बोटाच्या खुणांची नोंद असते, आणि ती नोंद स्वतः काही उघडू शकत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 2018 मध्ये पोलिसांनी दफनापूर्वी मृताचे बोट त्याच्याच फोनवर टेकवून पाहिले होते. फोन उघडला नाही. हे मी त्यांना सांगितले नाही. दुर्गच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले की यंत्र पुसून नवे करून देता येईल, आतले काही मिळणार नाही. फोटो गेले. ठेवींची यादी बँकांच्या दारोदार हिंडून पुन्हा जमवावी लागली.

म्हणून माझ्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाकडून मी आता एक काम करून घेते. लॅपटॉपचा पासवर्ड स्वच्छ अक्षरात कागदावर लिहायचा. विंडोजवर माहिती कूटबद्ध करणारा बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की, मॅकवर फाइलव्हॉल्टची रिकव्हरी की, तीही त्याच कागदावर उतरवायची. तो कागद पाकिटात घालून रेशनकार्ड आणि विम्याच्या पॉलिसीबरोबर कपाटात ठेवायचा आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचे. पासवर्ड कधीच लिहू नये, असे आपल्याला बजावलेले असते. पडद्यावर चिकटवू नये हे बरोबर आहे. पण घरच्या कपाटात जपून ठेवलेल्या कागदापेक्षा विसरलेला शब्द जास्त घरांचे नुकसान करतो, हे माझे मत आहे. मधूनमधून यंत्र शब्द मागते तेव्हा तो आपल्या तोंडी राहतो, हाही त्याचा उपकारच आहे.

पुढच्या वेळी बोट लावूनही पासवर्ड विचारला गेला, तर चिडू नका, शांतपणे टाइप करा. आणि तुमच्या गावच्या रेशन दुकानात कुणाचे बोट न जुळल्यामुळे त्याला परत पाठवताना दिसले, तर तिथेच थांबून दुकानदाराला विचारा की दुसऱ्या मार्गाने नोंद का केली नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. नंदिनी नगरात कुणाला अशी अडचण असेल तर त्यांनी संध्याकाळी माझ्याकडे यावे; अर्ज मी लिहून देते.